ऐच्छिक रकान्याची सक्ती

मराठीचा अध्यापक शब्दांच्या बाबतीत जरा अधिकच संशयी असतो. आम्हा दोघांनाही ही खोड आहे. पण गेल्या हिवाळ्यात 'ऐच्छिक' या एका साध्या, सोज्ज्वळ शब्दाने आम्हाला जे अडवले, ते आजवर कोणत्या दुर्बोध कवितेनेही अडवले नव्हते. त्याचा जमाखर्च मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू. त्यात खर्चाची बाजू पुष्कळशी आमच्याच नावावर आहे, हेही आरंभीच सांगून टाकतो.

प्रसंग साधा आहे. सास्तूरची एक विद्यार्थिनी बारावीच्या वर्गात होती. सास्तूर म्हणजे धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले, किल्लारीच्या शेजारचे गाव. शिष्यवृत्ती देणाऱ्या एका नामांकित खासगी विद्यापीठाचा पदवी अभ्यासक्रमाचा अर्ज ती मोबाइलवर भरत होती. गुण भरले, दाखले जोडले, दोन छोटे निबंध लिहिले. शेवटचा रकाना उरला. तिथे लिहिले होते की, अर्जदाराने स्वतःचा परिचय करून देणारी दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत जोडावी. आणि पुढे, ऐच्छिक. तिने आमच्यापैकी एकीला विचारले, "मॅडम, हे नाही दिलं तर चालतं का?" आम्ही उत्तरलो, "चालतं, पण दिलेलं बरं."

हा सगळा लेख त्या 'पण'मधून निघाला आहे.

शब्दकोशात 'ऐच्छिक' म्हणजे इच्छेवर अवलंबून असलेले. विद्यार्थ्याला हा शब्द प्रश्नपत्रिकेतून परिचयाचा असतो. 'पुढीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा' अशी सूचना असते, तेव्हा सोडून दिलेल्या दोन प्रश्नांबद्दल परीक्षक काही विचार करत नाही; त्याला तसा अधिकारच नसतो. तिथे निवडीला किंमत मोजावी लागत नाही, म्हणून ती खरी निवड. अर्जातला ऐच्छिक रकाना मात्र या जातीचा नव्हे. त्याचे सख्खे नाते लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेल्या 'कृपया आहेर आणू नये' या ओळीशी आहे. ती ओळ खरी मानून हात हलवत मांडवात गेलेल्या माणसाला तिचा अर्थ पुढच्या पाच मिनिटांत कळतो. श्रीमंत पाहुण्याला त्या ओळीचे काही वाटत नाही. तो एरवीही पाकीट घेऊनच निघालेला असतो. ती ओळ खरी मानण्याची चूक नेमका गरीब पाहुणा करतो.

आता थोडा तर्क करू. चित्रफितीने निर्णयात काहीच फरक पडत नसेल, तर ती मागवायची कशाला? आणि फरक पडत असेल, तर ती ऐच्छिक कशी? यावर संस्थांचे ठरलेले उत्तर असे की, चित्रफितीचा फायदाच होऊ शकतो, ती न देणाऱ्याचा तोटा होणार नाही. हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण हिशेबात बसत नाही. जागा मोजक्या असतात. मोजक्या जागांच्या रांगेत एकाला दोन पावले पुढे घेतले, की त्याच्या मागचे सगळे न हलता दोन पावले मागे जातात. न देणाऱ्याचे गुण कुणी कापत नाही हे खरे; त्याची जागा मात्र जाते.

आमच्या विरोधी पक्षाची बाजू आम्ही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. ही पद्धत अमेरिकेतून आली. मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठाने २०१० च्या प्रवेशांसाठी अर्जदारांना हवी असल्यास एक मिनिटाची चित्रफीत यूट्यूबवर टाकून तिचा दुवा पाठवण्याची मुभा दिली. सुमारे पंधरा हजार अर्जदारांपैकी सुमारे हजार जणांनी ती घेतली. २०१४ मध्ये मेरीलँडमधील गाउचर महाविद्यालयाने आणखी पुढे जाऊन गुणपत्रकाऐवजी दोन मिनिटांची चित्रफीत आणि शाळेतले थोडे लेखन-काम एवढ्यावर अर्ज स्वीकारायला सुरुवात केली. ब्राऊन विद्यापीठात पूर्वी माजी विद्यार्थी अर्जदारांच्या मुलाखती घेत; त्यांच्या जागी तिथे असाच ऐच्छिक चित्रपरिचय आला. यामागचा युक्तिवाद उदार आहे. गुण म्हणजे माणूस नव्हे. ज्याला मुलाखतीसाठी प्रवास परवडत नाही, त्याचा चेहरा आणि आवाज मोबाइलमुळे निवड समितीपर्यंत पोचतो. तांत्रिक सफाई पाहिली जाणार नाही, असेही बहुधा बजावलेले असते. गुणांच्या अत्याचाराने आमच्या पिढीतल्या कितीतरी बुद्धिमान मुलांचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. त्यामुळे 'गुणांपलीकडचा माणूस पाहा' या हाकेला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न इतकाच आहे की, दोन मिनिटांत नेमके काय दिसते आणि ते कुणाच्या डोळ्यांना दिसते?

चेहरा पाहण्याच्या या हौसेला एक इतिहास आहे, आणि तो उदार नाही. १९२०च्या दशकात हार्वर्डमध्ये परीक्षेच्या बळावर ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढत वाढत चौथ्या हिश्शाच्या आसपास पोचले. अध्यक्ष लॉवेल यांना ते खुपू लागले. त्यांनी १९२२ मध्ये उघड मर्यादा घालण्याचा विचार पुढे आणला. तो टिकला नाही. मग १९२६ मध्ये वाट बदलली. नुसत्या विद्वत्तेऐवजी 'चारित्र्य' आणि 'योग्यता' यांवर भर देण्याचे ठरले, आणि अर्जासोबत छायाचित्र आवश्यक झाले. ज्यू अर्जदारांना प्रवेश नाही, असे कुठेही लिहावे लागले नाही. छायाचित्र आणि 'चारित्र्य' या दोघांनी ते काम निमूटपणे केले. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द चोझन' या ग्रंथात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. आजच्या निवड समित्यांच्या मनात तसेच काही आहे, असे आमचे म्हणणे नाही. चेहरा मागणारा रकाना सज्जनांच्या हातीही तेच काम करू शकतो, एवढेच आम्ही म्हणतो. कारण त्यासाठी दुष्टपणा लागत नाही. आपल्यासारखे बोलणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो, ही साधी मानवी सवय पुरते.

एवढ्या दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर अजय हासिया यांचे प्रकरण आले होते. १९८० च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा निकाल लागला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी मुलाखतीला ५० गुण होते. अर्जदारांची तक्रार होती की, मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटांची झाली आणि तीत आईवडील, राहण्याचे ठिकाण अशा, विषयाशी संबंध नसलेल्या गोष्टी विचारल्या गेल्या. न्यायालयाने एकूण गुणांपैकी एकतृतीयांश गुण मुलाखतीला देणे मनमानी ठरवले, १५ टक्क्यांहून अधिक भार देऊ नये असे सांगितले आणि मुलाखतींचे ध्वनिमुद्रण व्हावे, अशी अपेक्षाही व्यक्त केली. म्हणजे दोन-तीन मिनिटांत माणूस पारखता येत नाही, हे आपण चार दशकांपूर्वीच न्यायालयाकडून ऐकले आहे. आणि निदान त्या मुलाखतीत समोर माणसे होती, प्रश्न विचारले जात होते, गुणांचा आकडा कागदावर होता. म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागता आली. ऐच्छिक चित्रफितीला किती गुण असतात? कुणीही सांगत नाही. ज्याला आकडा नाही, त्याच्याविरुद्ध अपील कसे करायचे?

दुसरे उदाहरण जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे. तिथे लेखी परीक्षा ७० आणि तोंडी ३० गुणांची होती. राखीव प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांची वर्षानुवर्षे तक्रार होती की, लेखीत चांगले गुण मिळवणारे तोंडीत खाली येतात. अब्दुल नाफे यांच्या समितीने गुणांची आकडेवारी तपासली. २०१६ मधील तिच्या अहवालाने लेखी आणि तोंडी गुणांतली ही तफावत सातत्याने दिसते असे नोंदवले आणि तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणण्याची शिफारस केली. देशातल्या सर्वांत पुरोगामी म्हणवणाऱ्या आवारातली ही गोष्ट आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. तो रुक्ष क्रमांक आमच्या भागातल्या मुलांचा केवढा मोठा मित्र आहे, हे शहरातल्या उदारमतवाद्यांना सहसा कळत नाही. त्या क्रमांकाला आडनाव नसते. त्याच्या पाठीमागे पत्र्याचे छप्पर दिसत नाही. 'न' आणि 'ण' यांतला त्याचा फरक कुणाला ऐकू येत नाही.

आता सास्तूरकडे येतो, आणि आमच्या खर्चाच्या बाजूकडेही.

कॅमेरा म्हणजे काय, हे सास्तूरला शिकवावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली असताना, चारच्या सुमारास भूकंप झाला. जाडजूड दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. सास्तूर हे सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक. मदतीबरोबर कॅमेरेही आले. त्यांनी जगाला बातमी दिली, मदत खेचून आणली, हे उपकार कुणी विसरलेले नाही. पण रडणारा चेहरा कॅमेऱ्याला अधिक आवडतो, हेही तेव्हाच इथल्या माणसांना समजले. आजही पत्रकार, संशोधक, स्वयंसेवी संस्थांचे पाहुणे येतात आणि सास्तूरचे नाव ऐकले की पहिला प्रश्न तोच विचारतात.

आमच्या विद्यार्थिनीने पहिली चित्रफीत आपल्या मनाने केली. पुनर्वसनात मिळालेल्या घराच्या ओसरीवर उभी राहून ती गावातल्या दूध संकलन केंद्राबद्दल बोलली. वडिलांबरोबर रोज सकाळी ती तिथे जाते. एक लिटर दुधाचा भाव शेजाऱ्याला वेगळा आणि आपल्याला वेगळा का, हा तिचा प्रश्न. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ठरलेला दर, त्याच्या खाली प्रत्येक पॉइंटला होणारी कपात, आणि पहाटेच्या गार दुधात लॅक्टोमीटरची डिग्री जास्त का दिसते याचा तिने स्वतःच्या वहीत दोन महिने ठेवलेला हिशेब. भाषा अर्धी इंग्रजी, अर्धी आपली. मध्येच एक 'करलालाव' निसटून गेलेले. एक मिनिट पन्नास सेकंद.

आम्ही ती पाहिली आणि काय सांगितले? ते लिहिताना आज शरम वाटते. आम्ही म्हणालो, बाळ, हे फार साधे झाले. जरा ओढणी नीट घे, मागची दोरीवरची कपडे काढ. 'पानी' नको, 'पाणी' म्हण. नाहीतर सगळे इंग्रजीतच बोल. आणि मुख्य म्हणजे, दुधाचे कशाला सांगतेस? तू सास्तूरची आहेस. भूकंपाचे सांग. आजीचे सांग.

ती म्हणाली, "सर, मी तेव्हा जन्मले पण नव्हते."

विचार करा, आम्ही काय करत होतो. वीस वर्षे आम्ही वर्गात दलित आत्मकथने शिकवतो, ग्रामीण साहित्य शिकवतो, अनुभवाच्या सच्चेपणावर तास घेतो. आणि एका मुलीला तिचा स्वतःचा, मेहनतीने मिळवलेला अनुभव टाकून देऊन तिच्या जन्माच्या आधीचे दुःख विकायला सांगत होतो; कारण त्या दोन मिनिटांच्या पलीकडे बसलेल्या अनोळखी माणसाला काय हवे असेल, याचा अंदाज आम्ही बांधला होता. तो माणूस कदाचित दुधाच्या हिशेबावर खूश झाला असता. पण ऐच्छिक रकान्याचे खरे काम इथेच सुरू होते. तो मुलांना अंदाज बांधायला लावतो. नियम लिहिलेला नसला की मुले नियमाचा वास घेऊ लागतात, आणि ज्यांच्या घरात तो वास ओळखणारी माणसे असतात ती पुढे जातात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या शाळांत यासाठी पगारी सल्लागार असतात. सास्तूरच्या मुलीच्या वाट्याला आम्ही होतो.

याच्या पुढची पायरीही दिसते आहे. नोकरभरतीत चित्रमुद्रित मुलाखती वापरणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने उमेदवारांच्या चेहऱ्यावरील हालचालींचे यंत्राकडून विश्लेषण करून घेण्याची पद्धत आणली होती. टीकेनंतर २०२१ मध्ये तिने चेहऱ्याचे विश्लेषण बंद केल्याचे जाहीर केले. हजारो चित्रफिती जमा झाल्या आणि पाहायला माणसे अपुरी पडली, की त्या कुणाच्या तरी यंत्रापुढे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आमच्यावर एक आक्षेप येईल, तो आमच्याच काही सहकाऱ्यांनी घेतला आहे. काळ सादरीकरणाचा आहे. तुमच्या मुलांनी कॅमेऱ्यासमोर बोलायला शिकू नये काय? अवश्य शिकावे. पण शिकवण्याची जागा महाविद्यालयाच्या दाराच्या आत आहे. पोहणे शिकवणाऱ्याने प्रवेशासाठी आधी तलाव पार करून दाखवा म्हणावे, तर त्याच्याकडे फक्त नदीकाठची मुले येतील. आणि मग वर्षाअखेर तोच आपल्या शिकवण्याचा निकाल छातीठोकपणे सांगेल. दुसरा आक्षेप असा की, मग निबंधही तसाच असतो, तोही दुसरा कुणी लिहून देतो. खरे आहे. पण निबंध खोडता येतो, पुन्हा लिहिता येतो, शब्दकोश उघडता येतो; भाषेत माणूस आपल्या जन्माच्या पलीकडे थोडा तरी जाऊ शकतो. चेहरा, घराची भिंत आणि जिभेचे वळण यांना दुसरा खर्डा नसतो. आणि एका वाईट रकान्याच्या समर्थनार्थ दुसरा वाईट रकाना दाखवणे, हा काही युक्तिवाद नव्हे.

पारख करूच नये, असे आम्ही म्हणत नाही. पारखीची सर्वांत सुंदर कथा आमच्याच जिल्ह्यातली आहे. तेरच्या गोरोबाकाकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कुणाचे मडके कच्चे ते पाहिले. बाकीचे शांत राहिले. नामदेवांना राग आला आणि ते कच्चे ठरले. ही कथा आपण विनोदाने सांगतो, पण तिच्यातल्या परीक्षेची रीत बघण्यासारखी आहे. परीक्षक समोर होता. सर्वांना एकच कसोटी होती, आणि ती ऐच्छिक नव्हती. निकाल सर्वांदेखत, तिथल्या तिथे सांगितला गेला. आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्याचे मडके कच्चे निघाले त्याला कुणी पंक्तीतून उठवले नाही. तो विसोबा खेचरांकडे शिकायला गेला. कच्चे असणे हे शिकण्याचे कारण ठरले. कुंभाराला एवढे कळत होते की मडके वाजवून पाहायचे असते, त्याच्यावरचे रंगकाम पाहून भागत नाही.

म्हणून आमची मागणी थोडकी आहे. ज्या संस्थांना हा रकाना हवाच आहे, त्यांनी तो सक्तीचा करावा, त्याचे गुण आणि निकष आधी छापावेत, मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्यावे, आणि चेहरा न दाखवता नुसता आवाज पाठवायची मुभा द्यावी. हे जमत नसेल, तर रकाना काढून टाकावा. माणूस पाहायचाच असेल तर पहिल्या चाळणीनंतर पाहावा. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, आणि नाकारले तर कारण लिहून द्यावे. यासाठी थोडा वेळ आणि पैसा लागेल. तो खर्च संस्थेने करावा. आज तो अर्जदाराकडून वसूल होतो, आणि ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडून जास्त.

राहिली आमची विद्यार्थिनी. तिला त्या विद्यापीठात प्रवेश मिळाला नाही. चित्रफितीमुळे की अन्य कशामुळे, हे तिला कळले नाही, आम्हाला कळले नाही, आणि कळण्याचा मार्गही त्या अर्जात कुठे नव्हता. ती आता जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात बी.एस्सी. करते आहे, सकाळी अजूनही केंद्रावर जाते.

अर्जाची मुदत संपल्यावर आम्ही तिला विचारले होते, शेवटी कोणती चित्रफीत पाठवलीस, दुधाची की भूकंपाची? तिने काहीच पाठवले नव्हते. रकाना रिकामा सोडला होता. आम्ही जरा रागावूनच कारण विचारले. ती गोंधळून आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "ऐच्छिक होतं ना, मॅडम?"